दुष्काळी गावचा वल्हेकरी

जालना जिल्ह्यातील मुलांना पाण्याची पहिली ओळख बहुधा घागरीने होते. कुंडलिका आणि दुधना या नद्या पावसाळ्यात वाहतात. उन्हाळा लागला की त्यांची पात्रे कोरडी पडू लागतात. २०१३ च्या दुष्काळात तर जालना शहर टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसले होते. अशा मुलखातील मुलास कोणी म्हणाले, "चल, तुला नौका वल्हवायला शिकवतो," तर तो हसेल. परंतु अशाच एका कोरड्या गावातील मुलगा वल्ही हाती घेऊन ऑलिंपिकपर्यंत गेला. त्याची ही हकीकत आहे.

नाशिक जिल्ह्याच्या चांदवड तालुक्यात तळेगाव रोही नावाचे गाव आहे. तेथे १९९१ साली दत्तू भोकनळ याचा जन्म झाला. त्याचे वडील विहिरी खोदण्याचे काम करीत. पाण्यासाठी जमीन किती खोल खणावी लागते, हे त्या घरास सांगावे लागत नव्हते. २०११ मध्ये वडील वारले. घराचा भार तरुण दत्तूवर पडला. त्याने पेट्रोल पंपावर काम केले आणि पुढे २०१२ मध्ये तो सैन्यात दाखल झाला. पुण्यातील खडकी येथे बॉम्बे सॅपर्स या पलटणीत असताना त्याची उंची व चिकाटी प्रशिक्षकांच्या नजरेत भरली. त्यांनी त्याला नौका वल्हवण्याच्या शिक्षणासाठी निवडले. दत्तूला मात्र पाण्याची भीती वाटे!

ही भीती अकारण नव्हती. शर्यतीची एकट्याची नौका सुमारे ८ मीटर लांब, परंतु अतिशय अरुंद असते. तिचे वजन अवघे १४ किलोग्रॅम भरते. माणूस जरा एका अंगास कलला, की ती उलटू पाहते. म्हणून आधी पोहणे शिकावे लागते. मग जमिनीवर ठेवलेल्या यंत्रावर वल्हवण्याचा सराव करावा लागतो. त्यानंतर रुंद नौका, आणि शेवटी अरुंद नौका. पायरी गाळून चालत नाही.

पाहणाऱ्यास वाटते, की वल्हवणे हे हातांचे काम आहे. खरे बळ असते ते पायांत. नौकेतील आसन पुढे-मागे सरकते व पाय एका फळीस बांधलेले असतात. वल्हेकरी गुडघे दुमडून पुढे सरकतो, वल्ह्यांची पाती पाण्यात बुडवतो आणि पायांनी जोराने रेटतो. मग पाठ मागे झुकते आणि सर्वांत शेवटी हात छातीकडे येतात. परतताना हाच क्रम उलटा: आधी हात, मग पाठ, मग गुडघे. पाते पाण्यात फार खोल गेले, तर वल्हे अडकते आणि नौका डगमगते. येथे घाई करणारा मागे पडतो; ताल सांभाळणारा पुढे जातो.

आणखी एक मौज आहे. वल्हेकरी पाठमोरा बसतो. ज्या दिशेस जावयाचे, ती त्याला दिसत नाही. दिसतो तो मागे टाकलेला मार्ग.

दत्तूने हे सारे नेटाने आत्मसात केले. भीती एका दिवसात गेली नाही. रोजच्या सरावाने ती हळूहळू ओसरली. अवघ्या चार वर्षांनी, २०१६ मध्ये, रिओ येथील ऑलिंपिकमध्ये तो एकट्याने वल्हवण्याच्या शर्यतीत उतरला. २००० मीटरच्या त्या शर्यतीत त्याचा तेरावा क्रमांक आला. पदक मिळाले नाही. पण चार वर्षांपूर्वी पाण्यास भिणाऱ्या मुलाचा तो तेरावा क्रमांक होता.

खरी कसोटी पुढेच होती. २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धांत इंडोनेशियातील पालेंबांग येथे दत्तूला ताप आला. त्या स्थितीत तो एकट्याच्या अंतिम शर्यतीत सहावा, म्हणजे शेवटचा, आला. दुसऱ्याच दिवशी, २४ ऑगस्टला, चौघांची शर्यत होती. स्वर्ण सिंग, ओमप्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्यासह तो पुन्हा नौकेत बसला. चौघांची आठ वल्ही एकाच क्षणी पाण्यात पडली पाहिजेत. एकाचा ताल चुकला, तर चौघांचे श्रम वाया जातात. त्या दिवशी ताल चुकला नाही. भारताने सुवर्णपदक जिंकले. आदल्या दिवशी एकटा मागे पडलेला वल्हेकरी सोबत्यांसह सर्वांच्या पुढे होता.

ही विद्या केवळ सैनिकांची नव्हे. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब १९२८ पासून नदीवर विद्यार्थ्यांना वल्हवणे शिकवीत आला आहे. २७ वर्षांपुढील प्रौढांसाठी तर स्वतंत्र जागतिक स्पर्धा भरतात आणि त्यांत ऐंशी वर्षांचे वृद्धही उतरतात. बसून करावयाचा हा व्यायाम असल्यामुळे शरीराचा भार गुडघ्यांवर पडत नाही. म्हणून एकाच नौकेत आजोबा आणि नातू बसू शकतात. ताल तेवढा दोघांचा एक हवा.

मुलांनो, जाणत्या माणसाशिवाय आणि तरंगते जाकीट घातल्याशिवाय कधीही नौकेत बसू नका. पाण्याची भीती बाळगू नये, पण त्याचा मान राखावा. आपल्या गावी नदी नसेल, तळे आटले असेल. तरी घागरभर पाण्याची किंमत ज्याला कळते, त्याच्या अंगी धीर असतो, आणि वल्हेकऱ्यास प्रथम तोच लागतो.

स्वाध्याय
१. वल्हवण्यात हातांपेक्षा पायांचे महत्त्व अधिक का?
२. रिओ येथील तेरावा क्रमांक लेखकास मोलाचा का वाटतो?
३. तुम्हांला वाटणारी एखादी भीती सरावाने कशी कमी झाली, ते दहा ओळींत लिहा.