मोझॅकची फरशी घासणाऱ्यांचे आरोग्य : कारागीर, त्यांचे कुटुंबीय आणि घरमालक यांच्यासाठी माहिती

मोझॅक अथवा टेराझो फरशीची झळाळी घासकामातून येते. सिमेंटमध्ये संगमरवराच्या चिप्स कालवून थर घातला जातो. तो घट्ट झाल्यावर विजेच्या यंत्राने प्रथम ६० क्रमांकाच्या भरड दगडाने, मग १२० च्या आणि अखेरीस ३२० किंवा त्याहून बारीक दगडाने घासला जातो. प्रत्येक फेरीत फरशीचा पातळ पापुद्रा भुकटी होऊन सुटतो. ही भुकटी पाण्याबरोबर वाहून जाते, की हवेत उडून कारागिराच्या छातीत उतरते, यावर त्याचे पुढील आयुष्य पुष्कळ अंशी अवलंबून असते.

धूळ नेमकी कशाची असते?

संगमरवरात घातक सिलिका फारशी नसते, म्हणून मोझॅकची धूळ निरुपद्रवी असा समज कारागिरांत आढळतो. तो अर्धाच खरा आहे. थराखालच्या गिलाव्यात वाळू असते आणि वाळूचा मुख्य घटक म्हणजे स्फटिकरूप सिलिका. काही फरशांत ग्रॅनाइटच्या किंवा क्वार्ट्झच्या चिप्स असतात. त्यांत सिलिका विपुल असते. शिवाय मोझॅकचा कारागीर केवळ मोझॅकवरच काम करतो असे नाही. तोच आज कोटा दगड घासतो, उद्या ग्रॅनाइटची कड कापतो, परवा जुनी काँक्रीट जमीन सपाट करतो. धूळ मात्र एकाच छातीत साठत जाते.

सिलिकाचे जे कण खरोखर अपाय करतात ते डोळ्यांना दिसत नाहीत. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा धरला, तर फुप्फुसाच्या तळापर्यंत पोहोचणारे कण सुमारे ४ मायक्रॉन किंवा त्याहून लहान असतात. तेथे त्यांच्याभोवती हळूहळू व्रण तयार होतात, फुप्फुस कडक होत जाते आणि श्वास अपुरा पडू लागतो. या विकारास सिलिकोसिस म्हणतात. बहुधा १० किंवा अधिक वर्षांच्या कामानंतर तो जाणवतो. धूळ फार दाट असल्यास त्याआधीही. झालेले व्रण भरून काढणारे औषध आज उपलब्ध नाही, आणि काम सोडल्यानंतरही विकार वाढत राहू शकतो. स्फटिकरूप सिलिका श्वासातून गेल्यास फुप्फुसाचा कर्करोगही होऊ शकतो, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये दिला आहे. धूम्रपान करणाऱ्यास हा धोका अधिक.

पाणी बंद करू नये

मोठे यंत्र बहुतेक ठिकाणी पाणी सोडूनच चालवले जाते. खरी अडचण कडेला येते. भिंतीलगतचे कोपरे, जिन्याच्या पायऱ्या व स्कर्टिंग येथे मोठे यंत्र पोहोचत नाही. तेथे हातातील ग्राइंडर लागतो आणि तो पुष्कळदा कोरडाच फिरवला जातो. खोलीभर पांढरा धूर उठतो तो याच वेळी. दुसरी वेळ म्हणजे दुसऱ्या दिवसाची सकाळ : आदल्या दिवशी साचलेला लगदा वाळतो, कोणीतरी झाडू मारतो आणि पाण्याने बसवलेली धूळ पुन्हा हवेत येते. लगदा ओला असतानाच ओढून, पिशवीत किंवा घमेल्यात भरून बाहेर न्यावा. तो मोरीत ओतू नये. नळीत सिमेंट बसते.

येथे घरमालकांना स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. ‘भिंती खराब होतील, पाणी सांडू नका’ असे म्हणून आपणच कारागिराला कोरडे काम करावयास लावतो. भिंतीला हातभर उंचीपर्यंत प्लास्टिक लावले तर रंग वाचतो. भरपूर पाणी द्यावे, खिडक्या उघड्या ठेवाव्यात, आणि मुले, गर्भवती व दमेकरी यांना त्या दिवसांत दुसरीकडे राहण्यास सांगावे. कारण ती धूळ आपल्या घराच्या हवेतही असते.

तोंडाला बांधलेला गमछा मोठी धूळ अडवतो, बारीक नाही. ओले काम शक्यच नसेल तेथे एन-९५ किंवा एफएफपी-२ दर्जाचा मास्क वापरावा. तो नाकाशी व गालाशी घट्ट बसला पाहिजे. दाट दाढीवर तो नीट बसत नाही. मास्क हा पाण्याला पर्याय समजू नये.

पाणी आणि वीज

ओल्या फरशीवर विजेचे यंत्र म्हणजे दुहेरी जोखीम. यंत्रास अर्थिंग असावे, तार कोठेही सोललेली नसावी, जोड पाण्यात पडलेला नसावा आणि जोडणीवर ३० मिलीअँपिअरचा गळतीरोधक स्विच असावा. पायांत रबरी गमबूट घालावेत. कोणास धक्का बसल्यास प्रथम मुख्य स्विच बंद करावा. तोवर त्या व्यक्तीस हात लावू नये.

त्वचा, गुडघे आणि पांढरी पूड

ओले सिमेंट तीव्र अल्कधर्मी असते. त्यात गुडघे टेकून तासभर बसल्यास प्रथम काही दुखत नाही. संध्याकाळी त्वचा लाल किंवा काळपट दिसते आणि तोवर भाजल्याची जखम खोल गेलेली असते. ओली पँट त्वरित उतरवून भाग वाहत्या पाण्याने बराच वेळ धुवावा. हळद, चुना किंवा लिंबू लावू नये. हातांना वारंवार खाज सुटून भेगा पडत असतील तर ती सिमेंटमधील क्रोमियमची अॅलर्जी असू शकते.

शेवटच्या चकाकीसाठी ऑक्झॅलिक आम्लाची पूड वापरतात. ती साखरेसारखी किंवा मिठासारखी दिसते, आणि कामाच्या जागी स्वयंपाकही तेथेच होत असतो. ती पोटात गेल्यास मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. पूड कधीही खाद्यपदार्थांच्या डब्यात किंवा शीतपेयाच्या बाटलीत ठेवू नये. कोणी गिळल्यास उलटी करवू नये. तोंड धुवावे, १०८ किंवा ११२ वर दूरध्वनी करावा आणि पुडीचे वेष्टन रुग्णालयात सोबत न्यावे. डोळ्यात गेल्यास किमान १५ मिनिटे स्वच्छ पाण्याने धुऊन डॉक्टरांकडे जावे.

घरी परतल्यावर कामाचे कपडे झटकू नयेत. ते भिजवूनच धुवावेत. धुणारी व्यक्ती बहुधा घरातील स्त्री असते, आणि झटकलेली धूळ तिच्या श्वासात जाते.

खोकला आणि निदान

सिलिकोसिस व क्षयरोग यांची लक्षणे मिळतीजुळती आहेत : खोकला, धाप, वजन घटणे. क्ष-किरण चित्रातही दोन्ही सारखे भासू शकतात. त्यामुळे सिलिकोसिसचा रुग्ण पुन्हा पुन्हा क्षयाची औषधे घेत राहतो, असे घडते. उलट बाजूही तितकीच गंभीर आहे. सिलिकाने दुबळ्या झालेल्या फुप्फुसाला क्षयरोग अधिक सहज होतो, म्हणून ‘हा तर धुळीचा खोकला’ म्हणून दुर्लक्ष करणे घातक ठरते. दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला असल्यास जवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात किंवा सरकारी रुग्णालयात थुंकीची तपासणी करून घ्यावी. ही तपासणी व क्षयावरील उपचार विनामूल्य आहेत. उपचार सुरू असताना पोषणासाठी नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १,००० रुपये दिले जातात.

केसपेपर काढताना व्यवसायाच्या रकान्यात नुसते ‘मजूर’ लिहिले जाते. परिचारिकेच्या दृष्टीने त्या शब्दातून काहीच कळत नाही. आपण होऊन सांगावे : ‘बारा वर्षे मोझॅक घासतो, त्यांत चार वर्षे कोरडे काम केले.’ एवढ्या एका वाक्याने डॉक्टरांच्या विचाराची दिशा बदलते. कारागीर स्वतः बोलत नसेल तर पत्नीने किंवा मुलाने सांगावे.

१८ ते ६० वयोगटातील ज्या बांधकाम कामगाराने मागील बारा महिन्यांत किमान ९० दिवस काम केले आहे, त्याला राज्याच्या बांधकाम कामगार कल्याण मंडळात नोंदणी करता येते. सिलिकोसिसग्रस्तांसाठी मिळणारे साहाय्य राज्यागणिक निराळे आहे. राजस्थानने २०१९ मध्ये यासाठी स्वतंत्र धोरण आखले. कोणत्याही राज्यात साहाय्य मागताना निदानाचा कागद आणि कामाचा पुरावा लागतो. कामासाठी गावोगाव फिरणाऱ्याने ठेकेदारांची नावे, कामाची ठिकाणे व वर्षे एका वहीत लिहून ठेवावीत, आणि काढलेले प्रत्येक क्ष-किरण चित्र तारखेसह जपून सोबत न्यावे. जुने चित्र शेजारी ठेवल्याशिवाय नवीन चित्रातील बदल डॉक्टरांना नीट ओळखता येत नाही.