लांब सामासिक शब्दांचे वाचन : अक्षरे आणि पदे

लहान शब्द सहज वाचणारा चौथीतील विद्यार्थी 'शिक्षणविस्ताराधिकारी' या शब्दापाशी अडखळतो. शि-क्ष-ण-वि-स्ता-रा-धि-का-री ही नऊ अक्षरे तो बिनचूक उच्चारतो; परंतु अर्थ त्याच्या हाती लागत नाही. अशा मुलास मंद ठरविणे अन्यायाचे होय. त्याला अक्षरे येतात. पदे कोठे जुळली आहेत, हे मात्र त्यास कोणी दाखविलेले नसते.

अक्षरविभाग कानाचा, तर पदविभाग अर्थाचा. वरील शब्दात पदे तीनच : शिक्षण, विस्तार, अधिकारी. त्यांतील दुसरा सांधा 'रा' या अक्षराच्या पोटात दडला आहे. 'विस्तार'चा अंत्य अ आणि 'अधिकारी'चा आद्य अ मिळून तेथे आ झाला. म्हणून केवळ अक्षरे मोजून हा सांधा सापडत नाही.

उच्चाराकडेही लक्ष द्यावे. पदाच्या शेवटचा अकार मराठीत बहुधा लोपतो. 'परसबाग' हा शब्द 'परस्-बाग' असा वाचला की घरामागची बाग डोळ्यांपुढे येते. 'पर-सबाग' असा वाचला की अर्थ नाहीसा होतो.

अर्थ लावताना शेवटच्या पदापासून मागे यावे. मोर्शीजवळ सिंभोरा येथील ऊर्ध्व वर्धा धरणाच्या जलाशयास नलदमयंतीसागर म्हणतात. मुलांस क्रमाने विचारावे : हे काय? सागर. कोणाच्या नावाचा? नल आणि दमयंती यांच्या. म्हणजे आत द्वंद्व, बाहेर तत्पुरुष. तत्पुरुषात लिंगही बहुधा शेवटचे पदच ठरविते. 'नदी' स्त्रीलिंगी, पण 'नदीपात्र' नपुंसकलिंगी.

लांब समासांसाठी प्रसिद्ध असलेल्या जर्मन भाषेतही हीच रीत आहे. 1829 साली व्हिएन्ना येथे स्थापन झालेल्या एका कंपनीच्या नावात डॅन्यूब, वाफ, जहाजवाहतूक आणि मंडळी या अर्थांचे शब्द सलग जोडलेले होते. ते नाव स्त्रीलिंगी, कारण शेवटचा शब्द स्त्रीलिंगी. हातमोज्यास तर जर्मन भाषेत 'हाताचा जोडा' अशा अर्थाचा समास आहे.

शुद्धलेखनासही पदज्ञान उपयोगी पडते. मराठी साहित्य महामंडळाच्या 1962 च्या नियमांनुसार 'भूमी' हा शब्द एकटा असता दीर्घान्त लिहावयाचा. परंतु मूळ संस्कृतात तो ऱ्हस्वान्त असल्याने समासात 'भूमिपुत्र' असे लिहावे. 'नदी' मुळातच दीर्घान्त, म्हणून 'नदीपात्र'.

शिक्षकांनी दररोज असा एकच शब्द फळ्यावर घ्यावा. प्रथम मुलांनी टाळी देऊन अक्षरे मोजावीत. नंतर पदांमध्ये उभ्या रेघा ओढाव्यात. शेवटी विग्रह सांगून संपूर्ण शब्द एका दमात वाचावा. शब्द पाठ्यपुस्तकातील असावेत, तसेच गावातील पाट्यांवरचेही असावेत. ग्रामपंचायत, पाणीपुरवठा, संत्राबागायतदार हे शब्द मुलांच्या कानांवर रोज पडतात. ज्याचा अर्थ आधीच ठाऊक आहे, त्या शब्दाचे सांधे मूल लवकर ओळखते. आणि मग अनोळखी शब्दासही ते भीत नाही.