नाटकाची निवड

पुणे-नाशिक रस्ता आणि कल्याणहून अहिल्यानगरकडे जाणारा रस्ता जेथे एकमेकांस छेदतात, ते ठिकाण म्हणजे आळेफाटा. या गजबजलेल्या नाक्याजवळील एका शाळेत स्नेहसंमेलनाचे दिवस जवळ आले आणि नाटक कोणते करावे, हा प्रश्न सातवीच्या वर्गापुढे उभा राहिला.

मुलांचे मत तत्काळ ठरले. शिवनेरी किल्ला त्यांच्याच तालुक्यात. तेव्हा शिवरायांचेच नाटक हवे! परंतु भूमिका वाटावयास बसल्यावर अडचण ध्यानी आली. प्रत्येकास महाराजच व्हावयाचे होते आणि मुलींच्या वाट्यास जिजाऊंची एकच भूमिका येत होती. संमेलनात बहुधा असेच घडते : चार मुले बोलतात, उरलेली भाले धरून उभी राहतात. तमाशाच्या फडांसाठी प्रसिद्ध असलेले नारायणगाव जवळच, म्हणून कोणी वगनाट्य सुचवले. पण वर्गात ढोलकी वाजवणारे कोणी नव्हते.

गुरुजी म्हणाले, "पूर्वीच्या नाटककारांनी विषय कसे निवडले, ते पाहा. १८४३ साली सांगलीस विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' सादर केले. रामकथा न जाणणारा प्रेक्षक तेव्हा कोठला? १८९९ च्या 'शारदे'त देवलांनी म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या कोवळ्या मुलीचे दुःख मांडले. खाडिलकरांचा 'कीचकवध' १९०७ सालचा. कथा महाभारतातली, परंतु लोकांना कीचकात लॉर्ड कर्झन दिसला आणि १९१० साली इंग्रज सरकारने नाटकावर बंदी घातली. आपल्या गावास काय सांगावयाचे आहे, ते आधी ठरवा."

एक मुलगी हळूच म्हणाली, "गुरुजी, रेड्याची गोष्ट करू या का?"

ज्ञानेश्वरांनी पैठणास ज्या रेड्याच्या मुखी वेद वदवले, अशी कथा आहे, त्याची समाधी आळे गावीच आहे. या कथेत चार भावंडे आहेत, पैठणची सभा आहे, गावकरी आहेत. भूमिका सर्वांस पुरणार होत्या. राहिला तो रेडा. त्याचे नाव निघताच वर्गात हशा पिकला. तोच मागच्या बाकावरून एक हात वर आला. तो मुलगा बोलताना अडखळत असे. वर्गात तो सहसा बोलतच नसे.

गुरुजी क्षणभर थांबले. साऱ्या गावादेखत या मुलाचे हसे झाले तर? पण प्रार्थनेच्या वेळी त्याचा आवाज कधीच अडत नाही, हे त्यांच्या ध्यानात होते. सुरात म्हणताना अडखळणाऱ्या पुष्कळांची वाणी मोकळी होते. आणि रेड्यास तर ऋचा सुरातच म्हणावयाच्या होत्या!

"तुला खरोखर करावयाचे आहे?" त्यांनी विचारले.

मुलाने मान हलवली. मग प्रयत्नपूर्वक म्हणाला, "हो."

दुसऱ्या दिवशी मुलांनी मुखवट्यासाठी जुनी वर्तमानपत्रे आणि खळीचे भांडे वर्गात आणून ठेवले.