लेझर घ्यायचंय, पण कोणतं?

प्रश्न : मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. सांगलीत स्वतःचं क्लिनिक आहे आणि आता त्यात लेझर सुरू करायचं ठरवलंय. चार कंपन्यांचे प्रतिनिधी येऊन गेले. एक म्हणतो, आठ हँडपीसचं मशीन घ्या, सगळं एकात होईल. दुसरा 'ट्रिपल वेव्हलेंथ डायोड'चा आग्रह धरतो. तिसरा आयपीएल निम्म्या किमतीत द्यायला तयार आहे. चौथा सांगतो, आमचं एनडी-याग केसांनाही चालतं आणि टॅटूलाही. पैसे बँकेच्या कर्जातून उभे करायचे आहेत, त्यामुळे निवड चुकली तर महागात पडेल. पहिलं मशीन कोणतं घ्यावं?
— एक वाचक, सांगली

उत्तर : डॉक्टर, चारही माहितीपत्रकं बाजूला ठेवा आणि गेल्या वर्षभराच्या ओपीडीच्या नोंदी काढा. हनुवटीवरच्या केसांसाठी किती जणी आल्या, मुरुमांच्या खड्ड्यांसाठी किती, वांगासाठी किती, टॅटू काढायला किती, हे मोजा. प्रत्येकाच्या नावापुढे त्वचेचा प्रकारही लिहा. पहिलं मशीन कोणतं, याचं निम्मं उत्तर त्या यादीतच मिळेल. पेशंट आधी, तरंगलांबी मग आणि कंपनी सगळ्यात शेवटी, हा क्रम सोडू नका.

या क्रमामागे भौतिकशास्त्र आहे. रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश यांनी 1983 साली 'सायन्स' नियतकालिकात मांडलेल्या सिद्धान्तावर आजची सगळी सौंदर्य-लेझर उभी आहेत. आजूबाजूची त्वचा न भाजता नेमकं लक्ष्य जाळायचं असेल, तर तीन गोष्टी जुळाव्या लागतात. लक्ष्य शोषून घेईल अशी तरंगलांबी हवी, लक्ष्य निवायच्या आत संपणारा पल्स हवा आणि पुरेशी ऊर्जा हवी. केस, टॅटूची शाई, रक्तवाहिनी आणि व्रण ही लक्ष्यं वेगळी, म्हणून त्यांची गणितंही वेगळी. सगळं एका मशीनवर करू असं कोणी म्हणालं, की यातलं कोणतं गणित नीट जमतं आणि कोणतं ओढूनताणून जमवलंय, ते विचारा.

आपल्या पेशंटच्या बाबतीत पहिलीच अडचण त्वचेच्या रंगाची. त्वचेचे सहा प्रकार आपण फिट्झपॅट्रिक यांच्या मोजपट्टीवर ठरवतो. 1975 साली ती तयार झाली ती गोऱ्या त्वचेला अतिनील किरणांचा डोस ठरवण्यासाठी, आणि तेव्हा तीत चारच प्रकार होते. सावळ्या आणि काळ्या त्वचेचे पाचवा आणि सहावा हे प्रकार नंतर जोडले गेले. आपले बहुतेक पेशंट चौथ्या-पाचव्या प्रकारात येतात. केस जाळण्यासाठी लेझर ज्या मेलॅनिनला लक्ष्य करतं, ते आपल्या त्वचेच्या वरच्या थरातही भरपूर असतं. त्यामुळे प्रकाश मुळाशी पोचण्याआधी वाटेतच शोषला जातो आणि त्वचा भाजते. फोड बरा होतो, पण मागे राहिलेला काळा डाग कित्येक महिने जात नाही. केस काढायला आलेल्या मुलीच्या गालावर असा डाग राहिला, तर तिचं दुःख आधीपेक्षा मोठं होतं.

मेलॅनिन प्रकाश किती शोषतं, ते तरंगलांबी वाढते तसं कमी होत जातं. अलेक्झांड्राइट 755 नॅनोमीटरचं, डायोड साधारण 810चं आणि एनडी-याग 1064चं. गोऱ्या त्वचेवरच्या बारीक केसांना अलेक्झांड्राइट छान लागू पडतं. आपल्याकडच्या उन्हात रापलेल्या त्वचेवर मात्र ते जपून वापरावं लागतं. एनडी-याग सावळ्या त्वचेसाठी सगळ्यात सुरक्षित, पण दुखतं जास्त आणि बारीक, फिकट केसांवर कमी पडतं. डायोड या दोघांच्या मधलं. त्याचा वेग चांगला आणि पल्स लांबवून, भरपूर थंडावा देऊन ते आपल्या बहुतेक पेशंटवर नीट चालवता येतं.

आता चौथ्या प्रतिनिधीचं 'केसांनाही आणि टॅटूलाही'. इथे थांबून पल्सची लांबी पाहा. कपभर चहा लगेच निवतो, पातेलंभर चहा बराच वेळ गरम राहतो. तसंच इथे आहे. त्वचेचा वरचा पातळ थर काही मिलिसेकंदांत निवतो, तर केसाच्या मुळाला जाडीप्रमाणे 10 ते 100 मिलिसेकंद लागतात. पल्स दहा-वीस-तीस मिलिसेकंदांचा ठेवला, की वरचा थर उष्णता सोडत राहतो आणि मूळ ती धरून ठेवतं. टॅटूच्या शाईचे कण मात्र इतके बारीक असतात, की त्यांना नॅनोसेकंदांचा फटका लागतो. तो देतं क्यू-स्विच एनडी-याग. तरंगलांबी दोन्हींची 1064च, पण पल्समध्ये दहा लाख पटींचा फरक. म्हणून लाँग पल्स आणि क्यू-स्विच ही दोन वेगळी यंत्रं समजा. एका खोक्यात दोन्ही खरोखर असतील, तर दोन्हींच्या पल्सचे आकडे तांत्रिक पत्रकात छापलेले असतील. ते बोट ठेवून दाखवा म्हणावं.

ट्रिपल वेव्हलेंथमध्ये 755, 808 आणि 1064 एकाच हँडपीसमधून एकत्र सोडतात. कल्पना वाईट नाही. तरी तीन गोष्टी विचारा : तिन्ही वेगवेगळ्या वापरता येतात का, प्रत्येकीची शक्ती किती, आणि सावळ्या पेशंटवर 755 बंद करता येतं का? उत्तर गुळमुळीत आलं, तर साधं 810 बरं. आयपीएल हे मुळात लेझर नव्हे. तो दिव्याचा प्रखर झोत असतो, फिल्टर लावून अनेक तरंगलांबींचा पट्टा सोडणारा. आपल्या त्वचेवर त्यात चुकीला जागा फारच कमी उरते. पहिलं मशीन म्हणून ते निम्म्या किमतीतही घेऊ नका. आठ हँडपीसच्या मशीनला वीजपुरवठा आणि चिलर एकच असतो. तो बिघडला, की आठही उपचार त्याच दिवशी बंद पडतात.

तुमच्या नोंदींत हनुवटीच्या केसांच्या तक्रारी पहिल्या असतील, असा माझा अंदाज. तसं असेल, तर उत्तम थंडावा देणारं लाँग पल्स 810 डायोड घ्या. पाचव्या-सहाव्या प्रकारचे पेशंट निम्म्याहून जास्त असतील, तर लाँग पल्स एनडी-याग घ्या. मुरुमांच्या खड्ड्यांसाठी फ्रॅक्शनल सीओटू उपयोगी आहे, पण आपल्या त्वचेवर त्यानंतर काळेपणा येण्याची भीती असते आणि पेशंटला काही दिवस घरी बसावं लागतं. ते दुसऱ्या टप्प्यावर ठेवा. तोवर मायक्रोनीडलिंगने बरंच साधतं. वांगासाठी म्हणून मात्र कोणतंही लेझर घेऊ नका. वांगाचा पहिला उपचार सनस्क्रीन आणि मलमं हाच. क्यू-स्विच टोनिंगच्या बैठका वाढत गेल्या, तर वांग उरतो आणि त्यात पांढरे ठिपकेही उमटतात.

डेमो घेताना प्रतिनिधीच्या हातावरचे चार शॉट पाहून समाधान मानू नका. मशीन दिवसभर क्लिनिकमध्ये ठेवायला सांगा आणि तयार असलेल्या पेशंटवर, त्यांची लेखी संमती घेऊन, आधी टेस्ट पॅच करून स्वतः चालवा. नजर दोन गोष्टींवर ठेवा. शॉट दिल्यावर काही मिनिटांत प्रत्येक केसाच्या मुळाभोवती बारीकशी लालसर सूज उठली पाहिजे, काटा आल्यासारखी. त्वचा राखाडी किंवा पांढरट दिसू लागली, तर तिथेच थांबा. ती भाजण्याची खूण आहे. दुसरी गोष्ट हँडपीसच्या टोकाची नीलमची काच. सुरुवातीला सगळ्यांचीच बर्फासारखी गार असते. पाठ किंवा दोन्ही पाय करून झाल्यावर पाय-पेडल सोडून मशीन स्टँडबायवर घ्या आणि मग त्या काचेला बोट लावून पाहा. ती कोमट लागली, तर एप्रिल-मेच्या दुपारी तुमचे पेशंट भाजणार. पडद्यावर दिसणारी ऊर्जा आणि टोकातून निघणारी ऊर्जा सारखीच आहे का, हेही एनर्जी मीटर लावून मोजून घ्या.

आता पैशाचं. हिशेबापुरतं मशीन 20 लाखांचं धरू. पाच वर्षांत मुद्दल फेडायची म्हटलं, तरी महिन्याला 33,333 रुपये झाले. देखभाल करार किमतीच्या 8 टक्के धरला, तर वर्षाला 1,60,000, म्हणजे महिन्याला 13,333. व्याज, वीज, जेल आणि मदतनिसाचा पगार बाजूला ठेवूनही 46,666 रुपये दरमहा. हनुवटीच्या एका बैठकीमागे हातात हजार रुपये उरत असतील, तर नुसतं बरोबरीत यायला महिन्याला 47 बैठका हव्यात. बैठका चार ते सहा आठवड्यांनी होतात, म्हणजे साधारण तेवढ्याच पेशंट कायम उपचारावर असायला हव्यात. नोंदींत त्या दिसत नसतील, तर एवढं महाग मशीन तुम्हाला परवडत नाही. मग हप्ता भागवण्यासाठी गरज नसलेल्या पेशंटलाही 'पॅकेज' सुचवण्याचा मोह होतो. स्वस्तातलं मशीन घ्या, नाहीतर वर्षभर थांबा, पण तशी वेळ स्वतःवर आणू नका.

आता कागदपत्रं. आपल्याकडचे वैद्यकीय उपकरण नियम 2017 सालचे आहेत आणि 1 एप्रिल 2020 पासून सगळी वैद्यकीय उपकरणं औषध कायद्याच्या कक्षेत आली. मशीन आयात केलेलं असेल, तर आयात परवान्याची प्रत मागा आणि तुम्ही घेताय त्याच मॉडेलचं नाव त्यावर आहे ना, ते पाहा. 'अमेरिकेच्या एफडीएची मान्यता' ठरावीक मॉडेलला आणि ठरावीक उपयोगासाठीच असते. मान्यतेचा क्रमांक घेऊन एफडीएच्या संकेतस्थळावर स्वतः शोधा. ती नोंद सर्वांना खुली आहे.

सर्व्हिसचा प्रश्न सांगलीसारख्या गावात मशीनइतकाच मोठा. इंजिनिअर कुठे बसतो? पुण्यात की दिल्लीत? किती तासांत येईल? दुरुस्ती लांबली तर बदली मशीन मिळेल का? हँडपीस किती शॉटनंतर बदलावा लागतो आणि त्याची आजची किंमत काय? हे सगळं करारात लेखी घ्या. स्टॅबिलायझर आणि यूपीएस लावा, चिलरमध्ये सांगितलंय तेच शुद्ध पाणी वेळेवर बदला. पावसाळ्यात ऑप्टिक्सवर दव साचू नये, म्हणून खोलीतली आर्द्रता आटोक्यात ठेवा. आणखी एक गोष्ट तुम्हाला सांगायला नको, तरी सांगतो. 2019 आणि 2021 साली कृष्णेचं पाणी सांगलीत कुठवर चढलं, ते आठवा. त्या पट्ट्यात क्लिनिक असेल, तर मशीन वरच्या मजल्यावर ठेवा आणि विम्यात पुराचा उल्लेख स्पष्ट आहे ना, ते वाचून घ्या.

ही लेझरं चौथ्या वर्गातली, म्हणजे डोळ्यासाठी सर्वांत धोक्याची. 810चा गॉगल 1064ला चालेलच असं नाही, म्हणून गॉगलवर छापलेले आकडे वाचल्याशिवाय तो कोणाच्याही डोळ्यांवर चढवू नका. खोलीतला आरसा काढा. उपचार चालू असताना दार बंद ठेवा. मशीन मदतनिसाच्या हाती सोपवून तुम्ही बाहेर ओपीडी पाहात बसू नका, निदान पहिलं वर्षभर तरी.

आणि पेशंटला पैसे घेण्याआधी खरं सांगा. पांढऱ्या केसांवर लेझर चालत नाही. सहा-आठ बैठका लागतात आणि त्या काळात वॅक्सिंग किंवा थ्रेडिंग बंद, कारण मूळच उपटलं तर लेझरला लक्ष्य उरत नाही. पीसीओएस असेल, तर हार्मोन्सचा उपचार बरोबरीने हवा. आपल्याकडच्या काही मुलींमध्ये तर लेझरनंतर हनुवटी-मानेवर उलट नवीन केस येतात. हे ऐकून काही जणी परत जातील, जाऊ द्या. ज्या थांबतील, त्या आपल्या बहिणींना आणि मैत्रिणींना तुमच्याकडे पाठवतील. दुसरं मशीन त्यांच्या भरवशावर, कर्ज न काढता घ्या.