तालमीतील नायटा

बेळगाव-खानापूर परिसरातील खेड्यांच्या तालमींत घुमणारी पंधरा-सोळा वर्षांची मुले माझ्याकडे येतात ती बहुधा उशिरा. जांघेतील नायटा पोटापाठीवर पसरलेला असतो आणि हाती स्टेरॉइडमिश्रित मलमाची पिळून संपलेली नळी असते. २०१८ मध्ये अशी अनेक मलमे ‘परिशिष्ट एच’मध्ये आली, तरी ती चिठ्ठीविना मिळतातच. क्लोबेटासोलने खाज दोन दिवसांत शमते. बुरशी मात्र वाढत राहते, कडा पुसट होऊन निदान चकते आणि कोवळ्या कातडीवर कायमचे वळ उमटतात.

मुलाला बोल लावणे सोपे आहे. त्वचारोगतज्ज्ञ शहरात, तेथवर यायचे तर वडिलांची दिवसाची मजुरी बुडते. त्या हिशेबात मलमच स्वस्त ठरते.

म्हणून आपणच महिन्यातून एका पहाटे तालमीत जावे, असे माझे मत आहे. खरवड काढायला काचपट्टी पुरते. टर्बिनाफाइनला न जुमानणारी बुरशी आता आपल्याकडे आढळते, तेव्हा इट्राकोनॅझोलची तयारी ठेवावी आणि डाग मावळले तरी औषध लगेच थांबवू नये. लंगोट ज्याचा त्याचा, गरम पाण्यात धुतलेला, उन्हात वाळवलेला. अमेरिकेतील महाविद्यालयीन कुस्तीत किमान ७२ तास उपचार झाल्यावाचून मल्लाला उतरू देत नाहीत. आपल्याकडील चिवट नायट्याला तो अवधी मला अपुरा वाटतो. हे प्रथम वस्तादांना पटवावे. त्यांच्या शब्दाला आपल्या चिठ्ठीहून अधिक वजन असते. घरी एकच टॉवेल वापरणाऱ्या भावंडांनाही त्याच फेरीत तपासावे.