कागदी पट्टीवर परफ्यूम ठरवू नका

समारंभासाठी परफ्यूम घ्यायला निघालेल्याला माझी एकच विनंती असते: ज्या दिवशी पहिल्यांदा वास घ्याल, त्या दिवशी बाटली घेऊ नका. विक्रेता कागदाच्या पट्टीवर फवारा मारून ती नाकाशी धरतो, तेव्हा आपल्याला भुरळ घालतात ते लिंबू, संत्रे, बर्गमॉट यांचे अर्क. ते सगळ्यात हलके, म्हणून सगळ्यात आधी उडून जातात. पंधरा-वीस मिनिटांनी लॅव्हेंडर, जिरॅनियम, मसाले वर येतात आणि काही तासांनी लाकूड, राळ, व्हॅनिला असे जड घटक तेवढे उरतात. समारंभात लोक आपल्याशी हात मिळवतात ते या शेवटच्या टप्प्यात.

माझ्या भाच्याच्या रिसेप्शनला हे फार ठसठशीतपणे दिसले. त्याला ‘क्लासिक’ काहीतरी हवे होते. दुकानात विक्रेत्याने एकामागून एक इतक्या पट्ट्या पुढे केल्या की नाक थकून गेले, आणि मग ‘सर, हा दिवसभर जात नाही’ असे सांगून त्याने एक महागडी बाटली गळ्यात मारली. क्लासिकशी तिचा काहीही संबंध नव्हता. दुकानातल्या गारव्यात ती बरी वाटली. पण लग्न मे महिन्यातले. मंगल कार्यालयातल्या स्टेजवर दिव्यांची धग, अंगात अस्तराची शेरवानी. उष्णतेने सुगंध भराभर सुटतो; त्यात त्या बाटलीचा तळ जळक्या साखरेसारखा गोड. शेजारी उभ्या असलेल्या भाचेसुनेचे डोके इतके दुखायला लागले की पाहुण्यांची रांग थांबवून तिला बसवावे लागले. तिच्या लग्नाचा तो दिवस, आणि त्यातला मोठा भाग तिने कपाळ दाबत काढला. भाच्याला स्वतःला मात्र काहीच जाणवत नव्हते, म्हणून कार्यालयात शिरण्यापूर्वी त्याने आणखी फवारे मारले होते. नाक सतत येणाऱ्या वासाला थोड्याच वेळात सरावते आणि त्याची दखल घेणे सोडते. तेव्हा ‘वास गेला वाटतं’ हे आपण स्वतः कधीही ठरवू नये. घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी विचारावे.

पुरुषांच्या सुगंधात क्लासिक म्हणतात ते काय, हे भाच्याला मी नंतर सविस्तर सांगितले. कोलोन शहरात १७०९ साली फरीना घराण्याचा व्यवसाय सुरू झाला, तिथपासून लिंबूवर्गीय, स्वच्छ वासाची एक परंपरा चालत आली. आपल्या आजी तापात कपाळावर ओडिकोलनच्या घड्या ठेवत, ते याच कुळातले. दुसरी धारा ‘फुजेर’ची: १८८२ साली उबिगाँ या सुगंधगृहाच्या ‘फुजेर रॉयाल’मध्ये कुमारिन हे प्रयोगशाळेत बनवलेले द्रव्य वापरले गेले आणि लॅव्हेंडर, ओकमॉस, कुमारिन हा मेळ पुढे शंभर वर्षे पुरुषांच्या प्रसाधनांचा कणा झाला. चांगल्या केशकर्तनालयात दाढीनंतर जो वास येतो, तो पुष्कळदा हाच. त्यानंतरची तीन नावे मी प्रत्येकाला त्वचेवर लावून पाहायला सांगतो: शनेलचे ‘पूर मॉंस्यूर’ (१९५५), गेर्लांचे ‘व्हेटिव्हर’ (१९५९) आणि दिऑरचे ‘ओ सोव्हाज’ (१९६६). तिन्ही कोरडे, किंचित कडवट, अंगालगत राहणारे. ‘ओ सोव्हाज’मध्ये सुगंधकार एदमों रुदनित्स्काने हेडिओन वापरले, चमेलीचा हलका, ओलसर भास देणाऱ्या या द्रव्याने लिंबाला हवा मिळते. दिवसाच्या समारंभाला मला याच्याइतके योग्य दुसरे वाटत नाही. संध्याकाळी ‘व्हेटिव्हर’. तो आपला वाळाच, माठात टाकतो आणि उन्हाळ्यात पडद्याला लावतो तो. दमट हवेत गोड वास चिकट होतात. वाळा तिथे कोरडाच राहतो.

एक सावधगिरी मात्र घ्यायला हवी. जुन्या बाटलीच्या आठवणीवर किंवा कुणा काकांच्या शिफारशीवर डोळे झाकून खरेदी करू नका. नाव आणि बाटली तीच राहते, आतले मिश्रण बदललेले असते. ओकमॉस ही ओक वृक्षावर वाढणारी शैवाक. आपल्या गोड्या मसाल्यातले दगडफूल तिच्याच जातकुळीतले. तिच्यातल्या अ‍ॅट्रॅनॉल व क्लोरोअ‍ॅट्रॅनॉल या द्रव्यांनी काहींना त्वचेची अ‍ॅलर्जी होते, म्हणून युरोपीय संघाने २०१७ साली त्यांच्यावर बंदी आणली आणि २०२१ पासून ती असलेला माल विकणेही थांबले. निर्णय योग्यच होता. परंतु त्यामुळे जुन्या सुगंधांचा तळ पातळ झाला. आज दुकानात मिळते तेच तपासा, तेच आवडले तर घ्या.

तपासायचे कसे? एका वेळी दोनच, एकेक मनगटावर. घासू नका. मग दुकानाबाहेर पडा, उन्हात चाला, बस किंवा लोकल पकडा, जेवा. संध्याकाळी उरलेला वास ज्याला आवडेल त्याने दुसऱ्या दिवशी जाऊन बाटली घ्यावी, आणि तीही छोटी, पावती देणाऱ्या दुकानातून. खोका नसलेला ‘ओरिजिनल’ माल कितीही स्वस्त मिळाला तरी नको. ओ द त्वालेतमध्ये सुगंधी द्रव्य साधारण पाच ते पंधरा टक्के असते, ओ द पार्फममध्ये त्याहून जास्त; बंद सभागृहासाठी पहिले पुरते. अंघोळीनंतर छातीवर दोन फवारे मारावेत, ते वाळू द्यावेत, मग कपडे घालावेत. रेशमावर थेट मारले तर डाग पडतो. उघड्या मानेवर मारून उन्हात जाऊ नये, कारण बर्गमॉटच्या अर्कातल्या काही घटकांमुळे उन्हात त्वचेवर काळपट चट्टे उमटू शकतात.

धोतर-उपरण्यात बसणार असाल, तर मी परफ्यूमऐवजी अत्तराकडे वळेन. कनौजला देग-भपक्यात, म्हणजे ऊर्ध्वपातनाच्या पारंपरिक भांड्यांत, फुलांचा किंवा मुळांचा अर्क चंदनाच्या तेलात उतरवतात. वाळ्याचे किंवा मातीचे अत्तर अशा वेळी फार शोभते. चंदन महागल्यापासून अनेक जण पाया म्हणून स्वस्त तेल वापरतात, तेव्हा विकणाऱ्याला ‘पाया कशाचा?’ हे स्पष्ट विचारावे. अत्तराचा फाया कानामागे, बोटाच्या टोकाएवढा पुरे. आणि शोकसभा, इस्पितळ किंवा दमेकऱ्याचे घर असेल तर काहीही लावू नये, स्वच्छ धुतलेला सदरा घालून जावे.