परिचारिकांचा नैतिक क्लेश

रुग्णसेवेत शरीर थकते, हे सर्वांना दिसते. परिचारिकेच्या मनाला होणारी एक वेदना मात्र सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. योग्य काय हे ठाऊक असूनही परिस्थितीमुळे ते करता न येणे, या अवस्थेस अमेरिकन तत्त्वज्ञ अँड्र्यू जेमटन यांनी १९८४ मध्ये ‘नैतिक क्लेश’ असे नाव दिले.

थकवा विश्रांतीने उतरतो. येथे कर्तव्य राहून गेल्याची टोचणी उरते. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार सर्वसाधारण कक्षात अध्यापन रुग्णालयांत ३ रुग्णांमागे व इतर रुग्णालयांत ५ रुग्णांमागे एक परिचारिका असावी. एकटीवर याहून अधिक खाटांचा भार पडला, की वेळेवर रुग्णाची कूस बदलणे, धीराचे दोन शब्द बोलणे राहून जाते. २०२० च्या कोविड साथीत तर मरणोन्मुख रुग्णाच्या आप्तांना दूर ठेवण्याचे कठोर कामही परिचारिकांच्याच वाट्यास आले. असे प्रसंग साचत गेले, की निद्रानाश, विषण्णता, अलिप्तपणा जडतो. काही जणी सेवाच सोडतात.

यावर नुसता धीराचा उपदेश पुरेसा नाही. पुरेसे संख्याबळ, उपचारविषयक चर्चेत परिचारिकेच्या मतास स्थान, आणि पाळी संपताना मन मोकळे करण्याची निर्भय संधी, हे प्रशासनाने करावयाचे उपाय होत. मन खचत असल्यास २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा विनामूल्य दूरध्वनी क्रमांक उपलब्ध आहे.

जिची कर्तव्यबुद्धी जागी असते, तिलाच ही व्यथा होते. तिला दुर्बलता मानणे हा परिचारिकेवर अन्याय होईल आणि त्याची झळ अखेर रुग्णालाच पोहोचेल.